प्लेट नंबर नऊ

जुन्या बाजारात रविवारी, इनूस तांबोळीच्या ताडपत्रीवर,
सायकलच्या चेनी आणि काटे नसलेली घड्याळं
यांच्या मध्ये दोन पुस्तकं पालथी पडली होती.
विषय एकच : ट्राउट नावाच्या माशाला फसवायच्या माश्या,
पिसांच्या, रेशमाच्या, गळावर दोऱ्याने बांधलेल्या.
मी जन्मात मासा धरला नाही.
खाल्ला, तोही खडकीला जाऊन, चोरून.
"दोन्ही घ्या, साडेतीनशे," इनूस म्हणाला,
"मासेवालं आहे, पण वास येत नाही."

खिशात लेन्स असतेच.
एकतीस वर्षं नारायण पेठेत ब्लॉक केले,
ती खोड जात नाही.
लग्नपत्रिका हातात आली तरी
आधी ठिपके बघतो, मग मुहूर्त.

नवं पुस्तक, म्हणजे दोघांतलं नवं, माझ्याहून थोरलंच,
लेन्सखाली नुसती खडी अंथरलेली.
लाल एका सुताने डावीकडे सरकलेला,
निळा आपला भलतीकडेच,
माशीच्या चित्रातच माशी शिंकलेली.
पंख कुठे संपला, पाणी कुठे सुरू झालं, पत्ता नाही.
असल्या माशीला ट्राउट सोडा,
मंडईतलं मांजरही फसायचं नाही.

जुनं मात्र.
टिश्यू कागद उचलताना जरा चिकटला, मग कुरकुरत सुटला.
तांब्याच्या पत्र्याने दाबलेली चौकट
डोळे मिटले तरी बोटाला लागते.
रेघ अशी की पिसाचा तंतू न् तंतू वेगळा,
दोऱ्याने गळाला किती वेढे घेतले तेही मोजता येतं : सात.
आणि वरून कुणीतरी हाताने रंग भरलेला,
दर प्रतीत पुन्हा पहिल्यापासून.

नवव्या प्लेटवर अडकलो.
काळ्या पिसावर मेणाचे असावेत तसे पिवळे थेंब.
हे पीस मी पाहिलंय.
ताम्हिणीच्या अलीकडे एकदा
मानेवर हेच घेऊन रानकोंबडा रस्ता ओलांडून गेला,
एसटीकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.
त्याच्याच कुणा पणज्याचं असेल,
पेटीत भरून समुद्रापार गेलेलं,
कुठल्याशा थंड नदीत भिजलेलं,
आणि चित्र होऊन परत मुठेकाठी,
साडेतीनशेत दोन.

चित्रकाराने गळ लपवला नाही.
पिसांतून वाकडं लोखंड सरळ बाहेर येतं,
टोकाच्या उलट्या काट्यासकट.

मी लक्ष्मी रोडच्या कॅटलॉगांसाठी
जरीवर पांढरा ओढायचो.
सुताला रेशमाची चमक, काठाला बोटभर जास्तीचं सोनं.
मालक खूश, रेळेकर मास्तरही खूश.
एकदा एक बाई दुकानात
कॅटलॉगचं पान साडीशेजारी धरून उभ्या राहिल्या.
बराच वेळ. बोलल्या काहीच नाहीत.
मी बिलाचे पैसे न घेताच बाहेर आलो
आणि कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो, दोन ग्लास.

लेन्स आणखी जवळ नेली.
तिसरा थेंब रेघेबाहेर गेलाय, केसभर.
तिथेही दुपारचे चार वाजले असतील,
उजेड उतरलेला, मान धरलेली,
शंभरावी किंवा दीडशेवी प्रत पुढ्यात.
बाई असेल, पोरगं असेल, कुणास ठाऊक.
रेघ काढणाऱ्याचं नाव खाली छापलंय,
रंग भरणाऱ्याचं नाही.

माझ्या ड्रॉवरमध्ये शून्य नंबरचा ब्रश आहे.
काळ्याचा एक ठिपका दिला की थेंब जागेवर.
बाटलीचं झाकण उघडलं. वाटीत पाणी घेतलं.
हात अजून हलत नाही, तेही बघून घेतलं.

मग त्याच पाण्यात चष्मा धुतला
आणि पुन्हा बघत बसलो.